नवं कार्ड बसवलं अन् संगणक रुसला!

पैसे साठवून ग्राफिक्स कार्ड आणलं, हौसेनं बसवलं, खेळ सुरू केला आणि पाच मिनिटांत संगणक बंद! लगेच कार्ड खराब म्हणू नका. डॉक्टर आधी लक्षणं पाहतात ना? तसंच करू या.

पडद्यावर १९२० गुणिले १०८०, म्हणजे वीस लाखांहून जास्त ठिपके असतात. सेकंदाला साठ चित्रं म्हटलं, तर कार्ड तेवढे ठिपके साठ वेळा रंगवतं! एवढ्या कामाला वीज लागणार, अंगही तापणार.

खेळ रंगात येताच संगणक एकदम बंद पडतो? मग वीज अपुरी पडत असेल. मदरबोर्डवरची खाच कार्डाला फार तर ७५ वॅट देते. मोठ्या कार्डाला पॉवर सप्लायची वेगळी वायर लागते. ती नीट बसली आहे का? पॉवर सप्लाय पुरेसा आहे का?

थोड्या वेळानं अडकतो? पंख्यातली धूळ पाहा. आमच्या आसेगावला मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो. मग कार्ड का नाही तापणार?

निळा पडदा येतो? कार्डाशी बोलायला संगणकाला ड्रायव्हर नावाचा प्रोग्रॅम लागतो. जुना काढा, नवा टाका.

मात्र एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर दुखणं कुठं होतं ते कळणारच नाही. आणि हो, पेटी उघडण्याआधी प्लग काढायचा, मोठ्या माणसाला सोबत घ्यायचं. कबूल?