नवी आवृत्ती, जुने नकाशे

नकाशावरील समोच्च रेषा चुकली, की सलग समतल चरात पाणी सर्वत्र न साचता एका टोकाकडे वाहते. जालना तालुक्यातील कडवंची गावाने १९९६ नंतर इंडो-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रमातून पावसाचे पाणी शिवारात मुरविले, ते अशाच कामांच्या बळावर. आता असे नकाशे संगणकावर काढले जातात आणि आज्ञावलीची नवी आवृत्ती आली, की काही जुनी साधने तिच्यात सापडत नाहीत.

‘ऑटोकॅड लँड डेस्कटॉप’ ही आज्ञावली २००९ च्या आवृत्तीनंतर बंद झाली. तिची जागा ‘सिव्हिल थ्रीडी’ने घेतली. नव्या आज्ञावलीत जुन्या साधनाचे नाव शोधणे व्यर्थ होय. ते साधन कोणते काम करीत होते, हे आधी पाहावे. खरी अडचण मात्र निराळी आहे. लँड डेस्कटॉपमध्ये भूपृष्ठाची माहिती आरेखनाच्या फाइलीत नसून प्रकल्पाच्या स्वतंत्र फोल्डरमध्ये असे. केवळ आरेखन जपले, तर समोच्च रेषा दिसतात. पण त्या निव्वळ रेषाच. त्यांवरून मातीकामाचे घनमीटर आपोआप निघत नाहीत. म्हणून जुना संगणक निकाली काढण्यापूर्वी ही माहिती ‘लँडएक्सएमएल’ स्वरूपात काढून घ्यावी. सिव्हिल थ्रीडी ती वाचू शकते.

काही साधने बंद झाल्याचा केवळ भास होतो. २०१० च्या ऑटोकॅडपासून ‘व्हीबीए’ मुख्य संचाबरोबर येत नाही, ते वेगळे उतरवून घ्यावे लागते. त्याविना कार्यालयात पूर्वी लिहिलेले व्हीबीए मॅक्रो चालत नाहीत.

एखाद्या झालेल्या कामाचे मातीकाम दोन्ही आवृत्त्यांत मोजून आकडे ताडून पाहावेत. तफावतीचे कारण सापडेपर्यंत जुनी आवृत्ती काढून टाकू नये.