गांजा दुकानात सरळ मिळतोय, मग लोक मेडिकल कार्ड कशाला काढतात?

१ जानेवारी २०२०. शिकागोतली थंडी आणि सकाळी सहापासून दुकानांबाहेर लागलेल्या रांगा. अमेरिकेच्या इलिनॉय राज्यात त्या दिवशी पहिल्यांदा मजेसाठी गांजा विकत घेणं कायदेशीर झालं होतं. वय २१ च्या वर असल्याचा पुरावा दाखवायचा, पैसे द्यायचे आणि पिशवी घेऊन बाहेर पडायचं. पहिल्याच दिवशी राज्यभरात सुमारे ३२ लाख डॉलरची विक्री झाली. राज्याच्या लेफ्टनंट गव्हर्नर ज्युलियाना स्ट्रॅटन यांनीही रांगेतून गमीज, म्हणजे गांजाचा अर्क घातलेल्या जेलीसारख्या गोळ्या घेतल्या.

पण या राज्यात त्याआधीपासून गांजा मिळत होता, फक्त आजारी लोकांना. २०१३ च्या कायद्याने मेडिकल कॅनबिस कार्ड सुरू झालं आणि २०१५ च्या अखेरीस रुग्णांना विक्री सुरू झाली. आता प्रश्न असा, की कुणीही दुकानात जाऊन घेऊ शकत असेल, तर डॉक्टरकडे जा, अर्ज भरा, फी भरा, मुदत संपली की पुन्हा भरा, ही कटकट कुणी कशाला करेल?

सगळ्यात सरळ उत्तर आहे टॅक्स.

इलिनॉयमध्ये मजेसाठी घेतलेल्या मालावर तीन प्रकारचा खास कर आहे. टीएचसी, म्हणजे नशा आणणारा घटक, ३५ टक्क्यांपर्यंत असेल तर १० टक्के. गमीज, चॉकलेट वगैरे खायच्या वस्तूंवर २० टक्के. आणि टीएचसी ३५ टक्क्यांच्या वर गेला की २५ टक्के. त्यावर राज्याचा नेहमीचा ६.२५ टक्के विक्रीकर, आणि त्यावर पुन्हा काउंटी आणि शहराचे कर. शिकागोत जास्त टीएचसीच्या मालावर हे सगळं मिळून ४० टक्क्यांच्या पुढे जातं. कार्डवाल्या रुग्णाला मात्र हे खास कर लागत नाहीत. त्याचा माल औषधासारखा धरला जातो आणि राज्याचा कर लागतो फक्त १ टक्का.

हिशोब करून बघा. एखाद्याला जुनाट पाठदुखी आहे आणि तो महिन्याला २०० डॉलरच्या गमीज घेतो. कार्ड नसेल तर फक्त राज्याचाच कर होतो ५२ डॉलर ५० सेंट. कार्ड असेल तर २ डॉलर. वर्षाला फरक पडतो ६०० डॉलरच्या वर, आणि यात शहराचे कर धरलेलेच नाहीत. कार्डाची आणि डॉक्टरची फी यातून निघून वर पैसे उरतात. आता जो माणूस दोन महिन्यांतून एकदा मित्रांसोबत पार्टीसाठी घेतो, त्याला हे गणित कधीच जुळणार नाही. कार्ड हे रोजच्या गिऱ्हाइकासाठी आहे, आणि रोजचं गिऱ्हाईक बहुतेक वेळा आजारी माणूस असतो.

दुसरा फायदा मात्रेचा. इलिनॉयच्या रहिवाशाला मजेसाठी जास्तीत जास्त ३० ग्रॅम गांजा जवळ बाळगता येतो. रुग्णाला १४ दिवसांसाठी अडीच औंस, म्हणजे साधारण ७१ ग्रॅम घेता येतो आणि डॉक्टरने लेखी कारण दिलं तर त्याहून जास्तही. घरी झाडं लावायची परवानगीसुद्धा इथे फक्त कार्डवाल्यांनाच आहे, तीही पाच झाडांची. बाकीच्यांनी कुंडीत एक रोप लावलं तरी दंड. आणि २०२० च्या सुरुवातीला दुकानांतला माल धडाधड संपायला लागला, तेव्हा रुग्णांसाठी साठा राखून ठेवणं दुकानांना कायद्याने बंधनकारक होतं.

पण पैसे आणि ग्रॅमच्या हिशोबात एक गट दिसतच नाही. मुलं.

मजेसाठीची परवानगी २१ च्या पुढे सुरू होते. मेडिकल कार्ड १८ वर्षांच्या माणसाला स्वतःच्या नावावर मिळतं आणि त्याहून लहान मुलांना पालकांमार्फत. शिकागोजवळच्या शॉमबर्गमध्ये एका शाळकरी मुलीला ल्युकेमियाच्या उपचारांनंतर फिट्स यायला लागल्या होत्या. तिच्याकडे कार्ड होतं. पायावर लावायचा पॅच आणि तेलाचे थेंब असं तिचं औषध होतं. पण राज्याच्या कायद्यात शाळेच्या आवारात गांजाचं कुठलंही औषध आणायला बंदी होती. जानेवारी २०१८ मध्ये पालक कोर्टात गेले, कोर्टाने त्या मुलीला परवानगी दिली आणि त्याच वर्षी राज्याने कायदाच बदलला. आता कार्ड असलेल्या मुलाला पालक शाळेत हे औषध देऊ शकतात. दुकानं सगळ्यांसाठी उघडून या मुलीला काहीच मिळालं नसतं.

त्याच वर्षी इलिनॉयने आणखी एक दार उघडलं. ज्यांना डॉक्टरने ओपिऑइड, म्हणजे अफूच्या जातकुळीतल्या वेदनाशामक गोळ्या लिहून दिल्या आहेत, त्यांना त्याऐवजी मेडिकल कॅनबिस घेता येईल अशी सोय केली. अमेरिकेत या गोळ्यांच्या व्यसनाने किती घरं उद्ध्वस्त केली हे आठवलं की या सोयीचं महत्त्व कळतं. गांजाने सगळं बरं होतं असं मात्र अजिबात नाही. अमेरिकेच्या नॅशनल अकॅडमीजने २०१७ मध्ये उपलब्ध संशोधन तपासलं, तेव्हा भक्कम पुरावा मोजक्याच गोष्टींसाठी सापडला: मोठ्या माणसांमधल्या जुनाट वेदना, केमोथेरपीमुळे होणारी मळमळ-उलटी आणि मल्टिपल स्क्लेरोसिसमधला स्नायूंचा ताठरपणा.

अजून एक फायदा आहे, ज्याची दुकानात कुणी जाहिरात करत नाही. राज्यांनी काहीही ठरवलं तरी केंद्राच्या १९७० च्या अमली पदार्थ कायद्यात गांजा सर्वांत कडक गटात टाकला गेला. मग केंद्राने उद्या धाडी घातल्या तर? डिसेंबर २०१४ मध्ये अमेरिकन संसदेने बजेटमध्ये एक तरतूद घातली आणि नंतर ती वाढवत नेली: राज्यांच्या मेडिकल गांजा कार्यक्रमांच्या आड येण्यासाठी न्याय विभागाने पैसा खर्च करायचा नाही. या वाक्यात मजेसाठीच्या गांजाचा उल्लेख नाही. त्यामुळे कागदावर का होईना, रुग्णाच्या डोक्यावर छत्री आहे आणि शेजारच्या काउंटरवरचा माणूस उन्हात उभा आहे.

आता कार्ड कुठे उपयोगी पडत नाही ते बघू, कारण घोळ इथेच होतो.

विमा कंपन्या याचे पैसे देत नाहीत. डॉक्टरही प्रिस्क्रिप्शन लिहीत नाही, तो फक्त आजार असल्याचं प्रमाणपत्र देतो. नोकरीचं उदाहरण कोलोरॅडोचं आहे, जिथे इलिनॉयच्या कितीतरी आधी सगळं कायदेशीर झालं. ब्रँडन कोट्स हा व्हीलचेअरवरचा माणूस तिथे डिश नेटवर्क कंपनीत ग्राहकांचे फोन घ्यायचा. स्नायूंच्या झटक्यांसाठी त्याच्याकडे मेडिकल कार्ड होतं आणि गांजा तो घरी, कामाची वेळ सोडून घ्यायचा. २०१० मध्ये ड्रग टेस्टमध्ये आढळलं आणि नोकरी गेली. २०१५ मध्ये राज्याच्या सुप्रीम कोर्टाने कंपनीच्या बाजूने निकाल दिला: केंद्राच्या कायद्यात जे बेकायदेशीर, त्याला कायदेशीर वापर म्हणता येत नाही. इलिनॉयचा कायदा नुसतं कार्ड आहे म्हणून भेदभाव करायला मनाई करतो, पण कंपनीचं ड्रग धोरण तिथेही चालतं. ट्रकचालकांसारख्या केंद्राच्या नियमाखालच्या कामांत तर कार्डाला काडीची किंमत नाही.

बंदुकीचंही तसंच. २०११ मध्ये केंद्राच्या शस्त्र विभागाने विक्रेत्यांना कळवलं, की गिऱ्हाइकाकडे मेडिकल कार्ड आहे हे माहीत असेल तर त्याला शस्त्र विकू नका.

नेपरव्हिल असो किंवा शॉमबर्ग, शिकागोच्या उपनगरांत राहणाऱ्या मराठी कुटुंबांसाठी सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा मात्र वेगळाच आहे. तो म्हणजे व्हिसा. इमिग्रेशन हा पूर्णपणे केंद्राचा विषय. एप्रिल २०१९ मध्ये अमेरिकेच्या नागरिकत्व खात्याने स्पष्ट सूचना काढली: राज्याच्या कायद्याप्रमाणे गांजा घेतला असेल, तरी नागरिकत्वाच्या अर्जात 'चांगलं चारित्र्य' सिद्ध करताना ते आड येऊ शकतं. डॉक्टरने सांगितलं होतं, हे कारण तिथे चालत नाही. एच-१बी किंवा ग्रीन कार्डवाल्या माणसाला गुन्हा सिद्ध व्हायचीही गरज नाही, अधिकाऱ्यासमोर दिलेली कबुलीही महागात पडू शकते.

इलिनॉयमध्ये रुग्णांची यादी गोपनीय असते, ती कुणालाही माहितीच्या अधिकारात मिळत नाही. पण मुलाखतीत शपथेवर प्रश्न विचारला गेला तर खोटं बोलणं हा वेगळाच गुन्हा होतो. आणि दर वेळी नूतनीकरण केलेलं कार्ड म्हणजे नियमित वापराचा सही-शिक्क्याचा पुरावा. ज्या कागदाने नागरिकाचे ६०० डॉलर वाचतात, तोच कागद व्हिसावाल्याची दहा वर्षांची तपश्चर्या अडवू शकतो. अर्ज भरायच्या आधी डॉक्टरबरोबर इमिग्रेशन वकिलाचीही वेळ घ्यावी लागते ती यासाठी.

प्रवासाचा नियम सोपा आहे: नेऊ नका. दोन्ही राज्यांत गांजा कायदेशीर असला तरी सीमा ओलांडून नेणं केंद्राच्या कायद्यात गुन्हा आहे. म्हणूनच २०२० मध्ये शिकागोच्या विमानतळांवर निळ्या पेट्या बसवल्या गेल्या, पिशवीत राहिलेला माल त्यात टाका आणि निमूट पुढे जा. नेवाडासारखी काही राज्यं दुसऱ्या राज्याचं कार्ड मान्य करतात, पण माल तिथे पोचल्यावर घ्यायचा.

आणि मुंबई विमानतळावर तर इलिनॉयचं कार्ड म्हणजे नुसता प्लास्टिकचा तुकडा. भारतात १९८५ चा एनडीपीएस कायदा लागतो. त्यात एक किलोपर्यंतचा गांजा 'छोटी मात्रा' धरला जातो, आणि त्यालाही एक वर्षापर्यंत तुरुंगवास आहे. टीएचसीचे अर्क, तेल यांचा हिशोब वेगळा आणि जास्त कडक. व्हेप असेल तर ई-सिगारेटवरची २०१९ ची बंदी आहेच. गुडघेदुखीवर सुनेने दिलेल्या गमीजची डबी परतीच्या बॅगेत टाकणाऱ्या सासूबाईंना कस्टमच्या काउंटरवर हे सगळं समजावून सांगायला कुणी नसतं.