दहावीतून गेलेली उत्क्रांती

मध्य प्रदेशातील होशंगाबाद जिल्ह्यात १९७२ मध्ये १६ शाळांत विज्ञान शिकवण्याचा वेगळा कार्यक्रम सुरू झाला. त्याची ‘बाल वैज्ञानिक’ ही पुस्तके आम्ही आवर्जून दाखवतो. त्यांत तयार उत्तरे नाहीत. प्रयोग करा, दिसेल ते लिहा, चर्चा करा. परीक्षेलाही पुस्तक सोबत! कालाम सुत्त तरी वेगळे काय सांगते? २००२ मध्ये सरकारने तो बंद केला.

२०२३ मध्ये एनसीईआरटीने दहावीतून उत्क्रांती वगळली. बारावीच्या जीवशास्त्रात ती आहे म्हणे. पण आपल्या वस्तीतली किती मुले सायन्सला जातात? महाराष्ट्राच्या २०१८ च्या दहावीच्या पुस्तकात ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’ हा धडा आहे. नव्या पुस्तकांचे मसुदे हरकतींसाठी येतील, तेव्हा आपण सर्वांनी आधी हेच पान उघडावे.