भस्मकणांचा पृष्ठभार : झीटा पोटेन्शियलचे आकलन व मापन

भस्मांच्या विश्लेषण-अहवालांत कणांच्या आकाराखालोखाल ‘झीटा पोटेन्शियल’ हा रकाना आता वारंवार आढळतो. त्यासमोर ‘उणे २६ मिलिव्होल्ट’ असा एखादा आकडा असतो आणि तो भस्माच्या उत्तमतेचे प्रमाणपत्र मानला जातो. ही समजूत आम्हांस चिंताजनक वाटते, म्हणून त्या आकड्याचा अर्थ येथे पाहू.

पाण्यात मिसळलेल्या बहुतेक सूक्ष्म कणांच्या पृष्ठावर विद्युत्भार उत्पन्न होतो. धातूच्या ऑक्साइडचा पृष्ठभाग आम्ल द्रवात प्रोटॉन स्वीकारून धनभारित होतो, क्षारीय द्रवात ते सोडून ऋणभारित होतो. या भाराकडे विरुद्ध भाराचे आयन ओढले जातात. काही कणाला घट्ट चिकटतात, उरलेले भोवती विरळ पसरतात. कण हलला की चिकटलेला थर त्याच्यासह जातो, बाहेरचा मागे राहतो. या दोहोंमधील सीमेवरचे विभव म्हणजे झीटा पोटेन्शियल. तो प्रत्यक्ष पृष्ठभार नव्हे, त्याची बाहेरून दिसणारी खूण होय.

गढूळ पाण्यातील मातीचे कण ऋणभारित असल्याने एकमेकांना दूर लोटतात व लवकर तळाशी बसत नाहीत. तुरटी फिरविली की ॲल्युमिनियमचे धनभारित घटक तो भार निष्प्रभ करतात, कण जुळतात आणि पाणी निवळते. (सुश्रुताने जलप्रसादनार्थ सांगितलेल्या कतकाचे, म्हणजे निवळीच्या बियांचे, कार्य याहून काहीसे निराळे, त्यांतील दीर्घ रेणू कणाकणांना सांधतात, असे मानले जाते.)

झीटा थेट मोजता येत नाही. कण मिसळलेल्या द्रवात दोन विद्युदग्रांमधून विद्युत्क्षेत्र लावतात. कण धावू लागले की त्यांच्यावरून विखुरलेल्या लेसर प्रकाशाच्या वारंवारितेत पडणाऱ्या फरकावरून त्यांचा वेग कळतो. त्यावरून स्मोलुखोव्स्की यांच्या १९०३ सालच्या सूत्राने झीटा काढतात. २५ अंश सेल्सिअसच्या पाण्यात, सेंटिमीटरला एक व्होल्ट क्षेत्र असता, सेकंदाला एक मायक्रोमीटर वेग म्हणजे सुमारे १२.८ मिलिव्होल्ट. उणे २६ म्हणजे तेवढ्याच क्षेत्रात धनाग्राकडे सेकंदाला दोन मायक्रोमीटर, इतकेच.

आता यशदभस्म पाहा. त्यात मुख्यत्वे झिंक ऑक्साइड असते आणि त्याचा भार पीएच ९ ते १० च्या सुमारास शून्य होतो. उदासीन शुद्ध पाण्यात ते धनभारित. फॉस्फेट वा प्रथिने चिकटली की तेच ऋणभारित होऊ शकते. लवणानेही फरक पडतो. लिटरमागे एक मिलिमोल मीठ असता आयनांचे वेष्टन सुमारे १० नॅनोमीटर जाड असते, नॉर्मल सलाइनमध्ये एक नॅनोमीटरहूनही कमी. जठरातील तीव्र आम्लात तर झिंक ऑक्साइड विरघळूच लागते. मग अहवालातला भार कोणत्या कणाचा?

अधिक वा उणे ३० मिलिव्होल्टांपलीकडे कण द्रवात विखुरलेले राहतात, हा स्थूल संकेत आहे. तोही बारीक कणांपुरता. जड, मोठा कण कितीही भार असला तरी खाली बसतोच. शिवाय आपण भस्म मधातुपात देतो, बाटलीत तरंगत ठेवून नव्हे! वारितरत्वाशीही या आकड्याची गल्लत होते. भस्म पाण्यावर तरंगते ते मुख्यतः पृष्ठताणामुळे, आणि अपुनर्भव व निरुत्थ परीक्षा तर धातुत्व परत येते का, हे विचारतात. झीटा त्याविषयी मूक आहे.

म्हणून अहवाल हाती येताच वैद्यबंधूंनी प्रयोगशाळेला विचारावे : द्रव कोणता, पीएच किती, विद्युत्वाहकता व तापमान किती, वाचने किती वेळा घेतली, आणि कण सुटे करण्यासाठी काही मिसळले होते काय? सोडियम हेक्सामेटाफॉस्फेट मिसळले असल्यास उणे आकडा भस्माचा नसून बहुधा त्या फॉस्फेटचाच असतो.