जुन्या मोटारीतील थर्मोस्टॅट

जयपूर शहराच्या वायव्येस, सीकरकडे जाणाऱ्या रस्त्यालगत विश्वकर्मा औद्योगिक क्षेत्र पसरलेले आहे. मे महिन्यात येथील उष्णतामान ४० अंश सेल्सियसच्या वर जाते. जानेवारीच्या पहाटे तेच ८ अंशांच्या आसपास उतरते. अशा ठिकाणी एखाद्या जुन्या अँबॅसॅडर मोटारीचे पाणी उकळू लागले, की आपल्या देशात इतरत्र सुचविला जातो तोच उपाय येथेही कानी पडावयाचा : "थर्मोस्टॅट काढून टाका, आपल्या हवेत त्याची गरजच काय?" उपाय स्वस्त खरा, परंतु इंजिनाला तो महाग पडतो.

पेट्रोलच्या ज्वलनातून निघणाऱ्या उष्णतेचा जवळजवळ एक तृतीयांश भाग इंजिनाभोवती खेळणारे पाणी वाहून नेते. रेडिएटरमध्ये ते निवते आणि पुन्हा इंजिनाकडे येते. पण इंजिन सुरू होताच पाणी निवू लागले, तर इंजिन तापावयाचे केव्हा? थंड सिलिंडरात पेट्रोलची नीट वाफ होत नाही. त्याचे थेंब सिलिंडरच्या भिंतीवरील तेलाचा थर धुऊन नेतात. ज्वलनात निर्माण होणाऱ्या वाफेचेही पाणी होऊन ते तेलात मिसळते व तळाशी गाळ धरतो. पिस्टनच्या रिंगांची बरीचशी झीज याच अवस्थेत होते. या दृष्टीने जयपूरची मे महिन्यातील दुपारसुद्धा थंडच म्हणावयाची; कारण बाहेरचे ४५ अंश आणि इंजिनाला हवे असलेले ८० ते ९० अंश यांत अंतर पुष्कळ आहे.

पाणी पुरेसे तापेपर्यंत रेडिएटरची वाट अडवून धरणे, हे थर्मोस्टॅटचे कार्य होय. त्यास वीज लागत नाही. धातूच्या लहानशा डबीत मेण असते. साधारण ८२ अंशांना ते वितळून फुगू लागते, आतील दांडी बाहेर ढकलली जाते आणि स्प्रिंगचा जोर मोडून झडप उघडते. पाणी निवले की मेण आक्रसते व स्प्रिंग झडप मिटविते. सर्जियस व्हर्ने यांनी १९३० च्या दशकात अमेरिकेत ही युक्ती सिद्ध केली. त्यापूर्वी मेणाऐवजी चटकन वाफ होणारा द्रव भरलेली, भात्यासारखी चुण्यांची डबी वापरीत.

झडप उघडी अडकली, तर इंजिन तापण्यास फार वेळ लागतो. मिटलेली अडकली, तर पाणी उकळते आणि तरीही रेडिएटरची वरची रबरी नळी थंडच राहते. मात्र नळी गरम असूनही पाणी उकळत असेल, तर दोष बहुधा अन्यत्र शोधावा. क्षारयुक्त पाण्याचे कीट रेडिएटरच्या नळ्यांत साचलेले असते, आणि शिक्षा मात्र बिचाऱ्या थर्मोस्टॅटला होते!

दुरुस्तीपूर्वी इंजिन पूर्ण निवू द्यावे. गरम रेडिएटरचे झाकण उघडल्यास दाबाखालील पाणी उसळून तोंड भाजते. पाणी थोडे काढून घ्यावे. त्यात शीतकद्रव मिसळलेला असल्यास ते विषारी असते, म्हणून भांडे उघडे ठेवू नये. वरच्या नळीच्या टोकाशी असलेल्या टोपीखाली थर्मोस्टॅट बसविलेला असतो. टोपीचे नट गंजलेले असतील, तर तेल सोडून थांबावे. जोर केल्यास स्टड तुटतो आणि तासाभराचे काम दोन दिवसांचे होते.

काढलेला थर्मोस्टॅट दोऱ्याने टांगून, तळाला न टेकविता, पाण्याच्या पातेल्यात बुडवावा आणि शेजारी तापमापक धरून पाणी तापवावे. डबीवर कोरलेल्या अंशांच्या सुमारास झडप हलू लागली आणि पुढे दहापंधरा अंशांत पूर्ण उघडली, तर तो निर्दोष समजावा. न उघडल्यास नवाच घ्यावा; त्याची दुरुस्ती होत नाही.

बसविताना मेणाची डबी इंजिनाच्या बाजूस ठेवावी. जुने पॅकिंग खरवडून नवे घालावे व नट आळीपाळीने, बेताने आवळावेत. शुद्ध पाणी व शीतकद्रव भरून, झाकण उघडेच ठेवून इंजिन चालू करावे. आत कोंडलेल्या हवेचे बुडबुडे निघत राहतील. काही वेळाने वरची नळी एकाएकी गरम लागू लागते. झडप उघडली, हे त्या क्षणी हाताला कळते.