सोलेंटची दोन माथ्यांची भरती

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यालगत सुमारे ३८० चौरस किलोमीटरचं आइल ऑफ वाइट हे बेट आहे. त्याच्या आणि मुख्य भूमीच्या मधली सामुद्रधुनी म्हणजे सोलेंट. इथे एकेकाळी नदीचं खोरं होतं. हिमयुगानंतर समुद्र वर आला आणि ते बुडालं. बेटावर जायला आजही पूल नाही. फेरीबोट आहे, शिवाय साउथसी ते राइड हॉवरक्राफ्ट सुमारे दहा मिनिटांत पोचवतं.

या पाण्याचं खरं नवल साउदॅम्प्टन बंदरात दिसतं. भरती पूर्ण होते, पाणी किंचित उतरतं आणि साधारण दोन तासांनी पुन्हा चढतं. बेटाच्या दोन टोकांनी पाणी आत शिरतं म्हणून असं होतं, हा समज जुना आहे, पण चुकीचा. इंग्लिश खाडीचं पाणी सी-सॉसारखं पूर्व-पश्चिम झुलतं. हा भाग त्याच्या मध्याजवळ येतो, म्हणून इथे मुख्य भरती लहान असते. उथळ तळामुळे जवळजवळ सव्वासहा तासांच्या आवर्तनाच्या उपलहरीही तयार होतात. एरवी त्या मोठ्या भरतीत झाकल्या जातात. इथे मात्र त्यांचा जोर जाणवतो आणि भरतीचा माथा दुभंगतो.

याचा लाभ मोठ्या जहाजांना होतो, कारण बंदरात खोल पाणी जास्त वेळ टिकतं. भरतीचं वेळापत्रक चंद्र-सूर्य ठरवतात, पण तिचा आकार घडवण्यात समुद्राच्या तळाचाही मोठा वाटा असतो.