चष्म्याचं भिंग घडवणारे हात

चाळिशीनंतर सुईत दोरा ओवता येईनासा झाला, की आपण चष्मा करतो. त्याचं भिंग घडवणं हाही एक रोजगार आहे. तो आपल्या मुलींना जमेल, असं आम्हांला वाटतं.

हल्ली बहुतेक भिंगं प्लॅस्टिकची असतात. लॅबमध्ये जाड, अर्धवट तयार चकती येते. तिची मागची बाजू यंत्रावर नंबराप्रमाणे घासतात, मग चकाकी आणतात. नंबर लेन्समीटरवर तपासतात. शेवटी कडा कापून भिंग फ्रेममध्ये बसवतात. लहान दुकानांत बहुधा एवढं शेवटचंच काम होतं.

भिंगाचा मध्य बुबुळासमोर यावा लागतो. सिलिंडरच्या नंबराचा कोन चुकला, तर नंबर बरोबर असूनही धूसर दिसतं, डोकं दुखतं. ब्लाऊजचं माप चुकू न देणाऱ्या हातांना हा नेमकेपणा नवा नाही.

मुलीला कामाला पाठवण्याआधी तीन गोष्टी विचारा. लेन्समीटर शिकवणार का? शिकताना पगार किती? उडणाऱ्या कणांपासून डोळे जपायला गॉगल देता का? नुसतं गल्ल्यावर बसवणार असतील, तर हुन्नर हाती येणार नाही.